लख्खीचे पाठकोरे अंक

लख्खीचा जन्म शेठच्या बिलांच्या पाठीवर झाला.
पुढं सूत, किलो, बाकी, सही;
मागं ती, एक हात कमरेवर,
पायाखाली बंद गिरणीचं धुराडं.

अक्का चित्रं काढायची. मी काळं भरायचे,
तेही निळ्या रिफिलीनं, कारण काळी
कोपऱ्यावरच्या दुकानात कधी मिळालीच नाही.
पहिल्याच दिवशी अक्कानं बजावलं होतं:
उजेड काढता येत नाही, येडे.
कागदात तो असतोच.
आपण भोवतीनं अंधार घालायचा
आणि त्याला हात लावायचा नाही.
एका अंकाला तीन रिफिली जायच्या.
माझं मधलं बोट कायम निळं.

लख्खीला उडता यायचं नाही
(उडणाऱ्या माणसाचे पाय अक्काला जमायचे नाहीत).
तिची ताकद एवढीच,
वाया चाललेला उजेड ती गोळा करायची.
मे महिन्यात पत्र्यावर आदळून फुकट जाणारी दुपार,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावर विझवायच्या राहिलेल्या माळा,
सिद्धेश्वर तलावावरचा चार वाजताचा चकचकाट,
सगळं बॉबिनवर गुंडाळून ठेवायची
आणि रात्र झाली की विणायला घ्यायची:
उभा धागा अंधाराचा,
आडवा तिचा.

घरी ती तेलुगू बोलायची, फुग्यात मराठी.
तिचा वैरी भारनियमन मात्र अस्सल सोलापुरी,
डीपीएवढं पोट, दातात जळका फ्यूज:
"काय बे लख्खे, कुठं निघालीस?
सहा तास माझे हैत."

आठव्या अंकात तिनं त्याला
भुईकोटाच्या खंदकात ढकललं.
त्या रात्री अख्ख्या विडी घरकुलात लाईट गेलीच नाही.
योगायोग. पण मेरगूंचा नरसिंग
सकाळी दात घासत घासत येऊन विचारून गेला,
नववा कधी?

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
हजार विड्या, चाळीस कट्टे.
ब्रँचवर तिचा छाट वाढायला लागला होता,
दोरा दोनदा सुटायचा,
पानाची शीर दिसायची नाही.
आम्हाला ते कळायला वर्ष लागलं.
आणि ते वर्षभर आम्ही दोघी
रोज तिच्याच बल्बखाली बसून
उजेडाची गोष्ट काढत होतो,
आमच्या डोक्यांची सावली
तिच्या सुपात.

मग अक्काचं लग्न भिवंडीला झालं.
अकरावा अंक अर्धाच टाकून गेली.
शेवटची चौकट म्हणजे पेन्सिलीच्या चार रेघा, आत काही नाही.
लख्खी कुठं उभी आहे ते सांगायचं राहिलंच.
फोन केला तर मागं मागाचा खडखडाट,
ती ओरडून म्हणाली, "तूच बघ की."

तीन दिवस भरत होते,
भीत भीत, कडेनं आत आत.
हात जिथं थांबला तिथं कागद सोडला.
आकार बाईसारखा काही आला नाही.
जरा सुपासारखा आला.

चौथ्या दिवशी अम्मानं कागद मागितला.
डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
मग मांडीवर ठेवून
त्यावर बोट फिरवायला लागली,
पान चाचपतात तसं.
रिफिलीनं दाबून दाबून
सगळी रात्र खरखरीत झालेली.
खरखर, खरखर, खरखर,
आणि बोट घसरलं.

"इथं हाय की ती," म्हणाली,
"गुळगुळीत लागालंय."

बोट थोडा वेळ तिथंच ठेवलं.
मग कागद बाजूला सारून तिनं कात्री उचलली.
"आता सरक जरा.
बल्ब अडवालीस."